घरचे मैदान : आय-लीगच्या एका हंगामाचा प्रवास

साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या गावी आणि एकदा त्याच्या गावी. आपल्या गावच्या त्या जागेला फुटबॉलमध्ये ‘घरचे मैदान’ म्हणतात. नियमपुस्तकात या शब्दाचा अर्थ फारसा खोल नाही, कारण यजमान संघाने मैदान, पंचांची व्यवस्था आणि प्रेक्षकांची सुरक्षा पाहावी एवढेच त्यात अपेक्षित असते. मात्र ज्या गावात संघ जन्मला त्या गावची हवा, भाषा, खाणे, देवळे-मशिदी-चर्चे आणि संध्याकाळची फुरसत हे सारे त्या एका शब्दात सामावलेले असते, आणि तेच नसेल तर उरते ते केवळ पांढऱ्या रेघा आखलेले गवत. 2023-24 च्या हंगामात भारतातील दुसऱ्या श्रेणीच्या लीगमागून देशभर फिरणाऱ्या प्रवाशाला हा फरक गावोगावी जाणवत राहतो, आणि हंगाम संपेपर्यंत गुणतक्त्यापेक्षा तोच अधिक महत्त्वाचा वाटू लागतो.

आय-लीग ही स्पर्धा 2007-08 मध्ये जुन्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या जागी सुरू झाली आणि बरीच वर्षे तीच देशातली पहिली लीग होती. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि 2019-20 पासून देशाची सर्वोच्च लीग म्हणून तिलाच मान्यता मिळाल्यामुळे आय-लीग एक पायरी खाली गेली. पुढे 2022-23 पासून आय-लीगच्या विजेत्याला वरच्या लीगमध्ये बढती मिळू लागली आणि तळाच्या दोन संघांना खालच्या श्रेणीत जावे लागू लागले, म्हणजे दुसऱ्या श्रेणीला वरचा दरवाजा आणि खालचा जिना असे दोन्ही लाभले. 2023-24 मध्ये तेरा संघ होते, प्रत्येकाचे चोवीस सामने होते आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ही साखळी चालली.

या तेरा संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता, आणि मराठी प्रवाशाने ही गोष्ट निघण्यापूर्वीच मान्य केलेली बरी. महिंद्रा युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला मुंबईचा संघ 2010 मध्ये बंद झाला, पुण्याचे पुणे एफसी आणि डीएसके शिवाजियन्स एकामागून एक लीगबाहेर गेले, मुंबई एफसी 2016-17 मध्ये तळाला गेली आणि केंकरे एफसीचा लीगमधला प्रवास 2022-23 च्या शेवटी थांबला. ज्या कूपरेज मैदानावर 1891 मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स करंडकासाठी देशभरचे संघ कित्येक दशके येत राहिले, त्या मैदानाच्या शहराला या हंगामात या लीगचे सामने पाहायला बाहेर जावे लागले. याउलट कोल्हापुरात तालीम मंडळांचे पेठापेठांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात तेव्हा उभे राहायला जागा मिळत नाही. कुस्तीच्या तालमीने फुटबॉलचा संघ पोसावा, आणि पेठेतल्या आजोबांपासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांनी तो आपला मानावा, ही रीत देशात क्वचितच कुठे इतकी रुजली असेल. कोल्हापूरला घर आहे, पण या लीगमध्ये संघ नाही, आणि हेच मनात धरून महाराष्ट्राबाहेरच्या घरांकडे पाहायचे आहे.

पहिले घर गोव्याचे. पहाटे सायकलच्या मागे टोपली बांधून, रबरी भोंगा वाजवत जाणारा पोदेर, म्हणजे पाव विकणारा, हे गोव्याच्या गल्लीचे घड्याळ आहे. महाराष्ट्रात दूधवाल्याची हाक जे काम करते ते तिथे हा भोंगा करतो. घरापुढच्या ओट्याला दोन्ही बाजूंनी बसायला कट्टे असतात, त्याला बाल्कांव म्हणतात, आणि संध्याकाळी त्या कट्ट्यांवर राजकारणाइतकीच फुटबॉलची चर्चा होते. हा खेळ तिथे 1883 मध्ये शिवोली गावी विल्यम लायन्स या आयरिश धर्मगुरूने आणल्याचे सांगितले जाते, आणि तेव्हापासून चर्चच्या पटांगणातून आणि पावसाळ्यानंतर कापणी झालेल्या शेतांतून तो गावोगावी पसरला. महाराष्ट्रात गावाच्या जत्रेला कुस्त्यांचा फड असतो. गोव्यात फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, दिवसांत वाड्यावाड्यांचे फुटबॉल सामने असतात, आणि दोन्हीकडे जिंकणाऱ्याच्या नावापेक्षा त्याच्या वाड्याचे नाव मोठ्याने घेतले जाते.

सासष्टीतील वार्का गावचा चर्चिल ब्रदर्स हा क्लब 1988 मध्ये निघाला आणि 2008-09 व 2012-13 अशी दोन वेळा आय-लीग जिंकला. वास्कोच्या टिळक मैदानावर, ज्याचे नावच मराठी माणसाला अर्धे घरी आल्यासारखे वाटायला लावते, गोव्याच्या फुटबॉलचा बराच इतिहास घडला. सामना संपल्यावर गाड्यांवर रस-ऑम्लेट, म्हणजे कोंबडीच्या नारळाच्या रश्श्यात बुडवलेले ऑम्लेट, पावाबरोबर खात उभे राहणारे प्रेक्षक तिथे प्रत्येक चुकलेल्या पासाचा हिशेब मांडतात. पण याच गोव्यातून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तीन मोठे क्लब 2016 मध्ये लीग सोडून गेले होते, कारण ज्या लीगला वरचे दार नाही तिथे खर्च कशासाठी करायचा, हा त्यांचा प्रश्न होता. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या धेंपोसारख्या क्लबने तो प्रश्न विचारला होता, हे लक्षात घेतले पाहिजे. बढतीची सोय आल्यावर त्याचे उत्तर काही अंशी मिळाले, परंतु मधल्या वर्षांत ज्या मुलांनी आपल्या गावचा संघ राष्ट्रीय लीगमध्ये पाहिलाच नाही, त्यांचे नुकसान कोणत्याही नियमाने भरून येणारे नाही.

कोकण रेल्वेच्या वाटेने आणखी दक्षिणेला मलबारचा किनारा लागतो आणि कोळिकोडमध्ये मिठाईच्या रस्त्यावर हलव्याच्या रंगीत वड्या, केळ्याचे काप तळणाऱ्या कढया आणि बिनदुधाचा, लिंबू पिळलेला सुलैमानी चहा यांनी प्रवाशाचे स्वागत होते. गोकुलम केरळ हा क्लब 2017 मध्ये स्थापन झाला आणि 2020-21 व 2021-22 ही दोन्ही विजेतेपदे लागोपाठ जिंकून त्याने आय-लीगमध्ये पूर्वी कुणाला न जमलेली गोष्ट साधली. मलबारचे फुटबॉलप्रेम मात्र क्लबांपेक्षा फार जुने आहे. त्याचे खरे रूप ‘सेव्हन्स’ या प्रकारात दिसते: दोन्हीकडे सात-सात खेळाडू, छोटे मैदान, बांबू आणि सुपारीच्या खोडांनी महिनाभरासाठी उभारलेल्या गॅलऱ्या, रात्रीचे दिवे आणि आफ्रिकेतून आलेले खेळाडू, ज्यांना देश कोणताही असो, लोक प्रेमाने ‘सुडानी’ म्हणतात. पुण्यामुंबईत गणपतीचा मांडव जसा वर्गणीवर, रात्र जागवून, गल्लीच्या अभिमानासाठी उभा राहतो, तशी ही गॅलरी उभी राहते. 2022 च्या विश्वचषकावेळी पुल्लावूरच्या नदीत मेस्सी आणि नेमार यांचे प्रचंड पुतळेवजा फलक उभारले गेले, तेव्हा जगाला जे नवल वाटले ते त्या गावाला मांडव घालण्याइतकेच साधे होते.

कोळिकोडच्या ईएमएस स्टेडियममध्ये गोकुलमचा सामना पाहताना मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट विशेष जाणवते. तिथले प्रेक्षक चेंडू गोलजवळ येण्याची वाट पाहत नाहीत. बचावपटूने मागे फिरून सहकाऱ्याला दिलेला नेटका पास असो किंवा मधल्या फळीतल्या खेळाडूने अंगाच्या एका वळणाने चुकवलेला प्रतिस्पर्धी असो, त्याला लगेच दाद मिळते. संगीताच्या मैफलीत समेवर येण्याआधीच्या एखाद्या हरकतीला जाणकार जशी दाद देतात, तशीच ही दाद असते. या हंगामात गोकुलमचा स्पॅनिश आघाडीपटू अलेक्स सांचेझ याने 19 गोल करून लीगमध्ये सर्वाधिक गोल करण्याचा मान मिळवला, तरीही संघ तिसऱ्या स्थानावरच राहिला. कोळिकोडच्या चहाच्या टपरीवर या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा प्रयत्न कित्येक आठवडे चालावा, यात नवल नाही.

हैदराबादेत श्रीनिदी डेक्कनचे मैदान शहराच्या कडेला अझीझनगरला आहे. संघ चांगला, गवत उत्तम, पण जुन्या शहराचा आवाज तिथपर्यंत फारसा पोहोचत नाही. सलग दोन हंगाम हा संघ उपविजेता ठरला. मराठी वाचकाला हैदराबादचे फुटबॉल आठवावे ते सय्यद अब्दुल रहीम या शिक्षक-प्रशिक्षकामुळे, ज्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने 1950 पासून सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स करंडक जिंकला आणि ज्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने 1951 व 1962 ची आशियाई सुवर्णपदके मिळवली. इराणी चहा हैदराबाद आणि मुंबई या दोन्ही शहरांत आहे. पोलिसांच्या त्या संघाची आठवण आता एकाही शहरात फारशी निघत नाही.

श्रीनगरचे मैदान सर्वांत वेगळे आहे. शहराच्या मध्यभागी, टूरिस्ट रिसेप्शन सेंटरच्या आवारात, कृत्रिम गवताचे हे मैदान असून मागे शंकराचार्य टेकडी आणि झबरवानची रांग आहे, त्यामुळे चेंडू उंच मारला की तो क्षणभर डोंगराच्या रेषेवर टेकल्यासारखा दिसतो. हिवाळ्याच्या तोंडावर प्रेक्षक घोळदार फेरन घालून येतात आणि त्या फेरनच्या आत कांगडी असते: वेताच्या विणीत बसवलेले मातीचे भांडे, त्यात राखेखाली धुमसणारे निखारे. बाह्या रिकाम्या लोंबत असतात, हात आत कांगडीवर असतात, आणि गोल होण्याची शक्यता दिसली की हजारो रिकाम्या बाह्यांतून एकाच वेळी हात बाहेर येतात. टाळी वाजवण्यासाठी ऊब सोडावी लागते, ही गोष्ट मुंबईच्या घामाळ संध्याकाळी सामने पाहिलेल्या माणसाला विलक्षण हृद्य वाटते.

काश्मीरच्या सकाळीही पाववाला आहे, पण तो फिरत नाही. लोकच त्याच्याकडे जातात. त्याला कांदूर म्हणतात, त्याच्या भट्टीतून सकाळी गिर्दा आणि दुपारी तिळाचे च्योचवोर निघते, आणि ते गुलाबी, खारट नून चहात बुडवून खाल्ले जाते. गल्लीतल्या कांदुराच्या दुकानात बातमी सर्वांत आधी पोहोचते असे श्रीनगरात म्हणतात, आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोलांची चर्चा रोटीबरोबरच हातोहात जाते. या खोऱ्यात फुटबॉल आणला तो मिशनरी शाळेचे मुख्याध्यापक टिंडेल-बिस्को यांनी, 1891 च्या सुमारास. कातडी चेंडूला शिवायला पंडितांच्या मुलांनी नकार दिल्यावर त्यांनी सक्तीने तो खेळायला लावला. मुंबईत रोव्हर्स करंडक सुरू झाला ते वर्षही 1891 आणि कोलकात्यात मोहम्मेडन स्पोर्टिंगची स्थापना झाली तेही 1891. एकाच काळात तीन शहरांत हा खेळ कसकसा शिरला, एकीकडे छावणीतून, एकीकडे शाळेतून आणि एकीकडे समाजाच्या आत्मसन्मानातून, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

रिअल काश्मीर हा क्लब मात्र अगदी अलीकडचा. 2014 च्या महापुरानंतर शहरातल्या मुलांना काही करायला उरले नाही हे पाहून वृत्तपत्रसंपादक शमीम मेहराज आणि हॉटेल व्यावसायिक संदीप चट्टू या दोन मित्रांनी त्यांना फुटबॉल वाटले, आणि त्यातून 2016 मध्ये संघ उभा राहिला. 2018-19 मध्ये तो आय-लीगमध्ये पोहोचणारा खोऱ्यातला पहिला संघ ठरला. एक मुसलमान आणि एक पंडित यांनी मिळून काढलेला हा संघ आहे, असे त्याचे वर्णन बाहेरचे लोक नेहमी करतात. श्रीनगरातले लोक मात्र बहुधा आधी हे सांगतात की आपल्या मुलांना आता खेळायला शहर सोडावे लागत नाही. ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

पंजाबात लुधियाना जिल्ह्यातील श्री भैणी साहिब हे नामधारी पंथाचे मुख्य स्थान आहे. सतगुरू राम सिंह यांनी 1857 मध्ये येथूनच ही चळवळ सुरू केली, इंग्रजी मालावर बहिष्कार घालायला लावला, आणि कीर्तनात तल्लीन होऊन हाक मारणाऱ्या त्यांच्या अनुयायांना लोक कूका म्हणू लागले. 1872 मध्ये मालेरकोटला येथे त्यांतल्या कित्येकांना तोफांच्या तोंडी दिले गेले. पांढरे कपडे, कपाळावर सरळ आडवी बांधलेली पांढरी पगडी, 108 गाठींची पांढरी माळ आणि शुद्ध शाकाहारी लंगर, या साऱ्यात महाराष्ट्रातील प्रवाशाला आळंदी-पंढरपूरच्या वाटेची आठवण होणे स्वाभाविक आहे. हॉकी आणि शास्त्रीय संगीत या पंथाने आधीपासून जोपासले होते. नामधारी एफसी 2023-24 मध्ये लीगमध्ये आल्यावर फुटबॉलही त्यांत सामील झाला. पोटभर जेवून मैदानाकडे निघालेल्या लोकांच्या त्या पांढऱ्या रांगा डोळ्यांसमोरून लवकर हलत नाहीत. याच राज्यात दिल्लीच्या नावाचा संघ आपले घरचे सामने खेळत होता, आणि इथून पुढे घर आणि नाव यांची फारकत अधिकाधिक दिसू लागते.

कोलकात्यात फुटबॉलला घरांची कमतरता नाही. ‘मैदान’ नावाच्या मोकळ्या जागेवर मोठ्या क्लबांचे तंबू आहेत, म्हणजे त्यांची जुनी कार्यालये आणि अड्डे, आणि मोहम्मेडन स्पोर्टिंगचा तंबूही तिथेच आहे. 1934 मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. मग 1938 पर्यंत सलग पाच वेळा त्याने ती जिंकली आणि 1940 मध्ये ड्युरँड करंडकही उचलला. त्या विजयांनी बंगालच्या मुस्लीम समाजाला, आणि त्याहून पलीकडे गोऱ्या संघांना हरवण्याचे स्वप्न पाहणाऱ्या सर्वांना, किती आत्मविश्वास दिला असेल, याची कल्पना आजही वृद्ध समर्थकांच्या बोलण्यातून येते. ‘शादा-कालो’, म्हणजे पांढरा-काळा, हे त्यांचे रंग आणि तेच त्यांचे नाव.

पण या हंगामातील क्लबचे घरचे मैदान शहरात नव्हते. ते होते सियालदहहून लोकलने जावे लागणाऱ्या नैहाटीला. मुंबईच्या लोकलमध्ये ज्याने आयुष्य काढले त्याला हा प्रवास परका वाटत नाही, फक्त भेळेच्या जागी झालमुडी असते: पत्र्याच्या डब्यात मुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, भिजवलेले हरभरे आणि कच्चे मोहरीचे तेल ढवळून, वर खोबऱ्याचा लांब पातळ काप टोचून कागदाच्या पुडीत दिलेली. तेलाचा झणका नाकात जातो आणि मग मिरची लागते. नैहाटीला स्टेडियमचे नाव ‘बंकिमांजली’ आहे, कारण बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांचे घर असलेले कांठालपाडा या गावातच आहे. ‘वंदे मातरम्’च्या कवीच्या नावाच्या मैदानावर पांढऱ्या-काळ्या झेंड्यांखाली हजारो लोक मोहम्मेडनसाठी ओरडत असतात आणि मध्यंतरात त्यांतले काही जण मागच्या मोकळ्या जागेत नमाज पढून परत येतात; हुगळीच्या काठच्या ज्यूट गिरण्यांच्या या पट्ट्याला त्यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटूही नये.

नैहाटीच्या पुढे थोड्याच अंतरावर कल्याणी आहे. मराठी कानाला हे नाव आपल्या कल्याणचे भावंड वाटते, पण गाव अगदी निराळे आहे: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी उभारलेल्या रूझवेल्ट नगरच्या जागी, स्वातंत्र्यानंतर बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने आखलेले, रुंद रस्त्यांचे आणि क्रमांकांच्या वसाहतींचे शहर. तिथले स्टेडियम हे या हंगामाचे सर्वांत दुःखाचे ठिकाण होते. वाराणसीच्या नावाने नुकताच स्थापन झालेला इंटर काशी हा संघ आपले घरचे सामने गंगेच्या घाटांपासून दूर, गंगेच्याच या वंगदेशी फाट्याजवळ खेळत होता. त्याची गोष्ट निदान नव्या संघाची होती. मणिपूरच्या दोन संघांची तशी नव्हती. 1954 ची टिड्डिम रोड ॲथलेटिक युनियन, म्हणजे ट्राऊ, आणि 1965 ची नेरोका, जिच्या लांबलचक नावात ईशान्येच्या सांस्कृतिक पुनर्रचनेचे स्वप्न आहे, हे इंफाळचे मोहल्ल्यांतून उगवलेले क्लब. नेरोकाने आपल्या पहिल्याच आय-लीग हंगामात, 2017-18 मध्ये, दुसरे स्थान मिळवले होते. 3 मे 2023 रोजी वांशिक हिंसाचाराने मणिपूर पेटले आणि त्यानंतरच्या या हंगामात दोघांना आपले ‘घरचे’ सामने मणिपूरबाहेर, कल्याणीसारख्या मैदानांवर खेळावे लागले.

असा सामना जवळून पाहिला की घर या शब्दाचे वजन कळते. फलकावर ट्राऊचे नाव यजमान म्हणून लिहिलेले असते, नाणेफेकीच्या वेळी त्यांचा कर्णधार यजमानाच्या बाजूला उभा राहतो, आणि गॅलरीत मोजता येतील इतकी माणसे असतात; शेजारच्या झाडांवरच्या पक्ष्यांचा आवाज आणि बदली खेळाडूंच्या बाकावरून आलेल्या मैतेई भाषेतल्या हाका, एवढेच ऐकू येते. इंफाळच्या खुमन लंपाक स्टेडियममध्ये याच खेळाडूंना प्रोत्साहन द्यायला स्त्रिया मोठ्या संख्येने येत, बाजार आटोपून, फनेक नेसून, संध्याकाळची कामे बाजूला ठेवून; संपूर्णपणे स्त्रियांनीच चालवलेल्या इमा कैथेल या बाजाराच्या शहरात याचे कुणाला आश्चर्य वाटत नसे. कल्याणीत यजमान संघाने गोल केला तेव्हा खेळाडू सवयीने गॅलरीकडे धावला, मग मध्येच वेग कमी करून वळला आणि सहकाऱ्यांकडे परतला. घरच्यांची काळजी मनात घेऊन त्या मुलांनी चोवीस सामने पूर्ण केले. हंगामाच्या शेवटी हेच दोन संघ तळाला राहिले आणि खालच्या श्रेणीत गेले. गुणतक्त्याचा हा निकाल नियमाप्रमाणे बरोबर आहे. न्याय्य आहे असे म्हणणे अवघड आहे, कारण ज्या लीगचा पायाच घर आणि परके मैदान यांच्या समतोलावर आहे, तिने घर गमावलेल्या संघांना इतरांच्याच मापाने मोजले.

मिझोरामची राजधानी ऐझॉल डोंगराच्या कड्यांवर बसली आहे आणि सपाट जागा तिथे मिळत नाही, ती डोंगर तासून करावी लागते. प्रत्येक मैदान हे गावाने ठरवून केलेल्या कामाचे फळ असते, जसे कोकणात दरडीवर बांध घालून भातखाचर करतात. शहराच्या अरुंद चढ-उतारांवर गाड्यांची लांब रांग लागते, पण भोंगा वाजत नाही आणि कुणी मधून घुसत नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला ही शांतता पहिल्या दिवशी चुकल्यासारखी वाटते. महामार्गावर सेलिंगच्या आसपास बांबूच्या टपऱ्यांत भाजी, फळे आणि शेजारी पैशांचा डबा ठेवून मालक शेतावर गेलेला असतो. गिऱ्हाइकाने वस्तू घ्यावी आणि डब्यात किंमत टाकावी. या साऱ्यामागे मिझो समाजाने जपलेले त्लॉमङाइना हे मूल्य सांगितले जाते, ज्याचा अर्थ साधारणपणे स्वतःआधी दुसऱ्याचे पाहणे असा होतो, आणि कोणत्याही मराठी शब्दात तो पुरता मावत नाही.

ऐझॉल एफसीने 2016-17 मध्ये, आदल्याच वर्षी खालच्या श्रेणीत जाता जाता परत घेतले गेल्यानंतर, आय-लीग जिंकून ईशान्येचा पहिला राष्ट्रीय विजेता होण्याचा मान मिळवला. त्या संघाचे प्रशिक्षक मुंबई एफसीत बरीच वर्षे काढलेले खालिद जमील होते, त्यामुळे या यशात मुंबईच्या मैदानांचाही थोडा वाटा आहे असे म्हणता येते. आता तो संघ प्रामुख्याने स्थानिक तरुणांवर चालतो. 2023-24 मध्ये लालरिंझुआला लालबिआक्निया या त्यांच्याच आघाडीपटूने 15 गोल केले, भारतीयांत सर्वाधिक. मुआलपुईच्या राजीव गांधी स्टेडियमच्या पायऱ्यांवर बायका पाठीवर झोळीत मूल बांधून बसतात आणि शिट्टी-ढोलांपेक्षा गाण्यानेच संघाला साथ देतात. रविवारी मात्र दुकाने, वाहने आणि चेंडू, सारे थांबते. चर्चमधून एकत्र गायनाचे सूर दरीपलीकडच्या कड्यावर ऐकू येतात.

शेवटचा पडाव शिलाँगचा, आणि तारीख 6 एप्रिल 2024. लजाँग या नावाचा खासी भाषेत अर्थ ‘आपले’, ‘स्वतःचे’ असा आहे. पोलो ग्राउंडजवळच्या छोट्याशा कृत्रिम गवताच्या मैदानावर हे आपलेपण अगदी हाताला लागते, कारण प्रेक्षक आणि टचलाइन यांच्यात फार अंतर नाही आणि घसरणाऱ्या खेळाडूच्या बुटांखालून उडालेले काळे रबरी दाणे पहिल्या रांगेपर्यंत येतात. आडनाव आईकडून येते आणि घर धाकट्या मुलीला मिळते अशा समाजातल्या या मैदानावर मावश्या, आज्या आणि नातवंडे एकत्र बसलेली असतात, आणि सर्वांच्या गालात क्वाय असते. क्वाय म्हणजे ओली सुपारी आणि चुना लावलेल्या पानाची घडी. आपल्याकडे पानसुपारी समारंभापुरती उरली, खासी घरात मात्र तिच्याशिवाय स्वागतच होत नाही. पूर्वी वाटेचे अंतरही किती क्वाय चघळून होईल यावर सांगत, आणि मेलेल्या माणसाबद्दल तो देवाच्या दारी क्वाय खायला गेला असे म्हणतात.

त्या दिवशी मोहम्मेडनची बढती ठरू शकत होती, पण सामना परक्या मैदानावर होता. 2021-22 मध्ये कोलकात्यातच, घरच्या हजारो लोकांसमोर, गोकुलमकडून शेवटच्या सामन्यात हरून त्यांनी विजेतेपद गमावले होते, आणि तेव्हाचे प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशोव्ह आताही बाकावर होते. पहिल्याच मिनिटाला ॲलेक्सिस गोमेझने गोल केला, डग्लस टार्डिनने पेनल्टीवर लजाँगला बरोबरी साधून दिली, आणि उत्तरार्धात येवगेनी कोझलोव्हने दुसरा गोल मारून 2-1 असा निकाल लावला. बंगालहून आलेल्या मोजक्या शादा-कालो झेंड्यांच्या कोपऱ्यात माणसे रडत होती, आणि 1891 पासूनचा एक क्लब पुढच्या वर्षी सर्वोच्च लीगमध्ये जाणार हे शिलाँगच्या त्या पायऱ्यांवर ठरले. हंगामाअखेर त्यांचे 52 गुण झाले, श्रीनिदीचे 48.

हरलेले प्रेक्षक घाईने उठले नाहीत. आपल्या संघाला टाळ्या देऊन ते हळूहळू पाइनच्या रस्त्याला लागले, आणि फाटकाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या एका खासी बाईने काळा-पांढरा मफलर गुंडाळलेल्या दोघा पाहुण्यांना क्वायची एक-एक घडी दिली. त्यांनी पैसे पुढे केल्यावर तिने मान हलवून ते परत त्यांच्या हातात ठेवले. पहिल्या चघळण्यात ओल्या सुपारीने त्यांच्या कपाळावर घाम आला, तशी ती हसली, सरकून तिने बाकावर त्यांना जागा करून दिली, आणि टेकडीवरून उतरणाऱ्या धुक्यात ते तिघे काही वेळ तसेच बसून राहिले.